कथिलाचे डोंगर, सायकलीच्या वाटा

ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीपासून बासच्या सामुद्रधुनीने विलग झालेल्या टास्मानिया बेटाच्या ईशान्य भागात, रिंगारूमा नदीच्या काठी, डर्बी नावाचे एक लहानसे गाव आहे. लॉन्सेस्टन शहरापासून ते सुमारे शंभर किलोमीटरांवर असून त्याच्या सभोवारचे डोंगर निलगिरीच्या आणि सदाहरित वृक्षांच्या दाट अरण्याने झाकलेले आहेत; आणि शिरगणतीच्या दप्तरात त्याची लोकसंख्या दोनशेचा आकडाही गाठत नाही. अशा आडबाजूच्या गावाचे नाव आज जगभरच्या डोंगरी सायकलस्वारांच्या तोंडी आहे, ते २०१५ सालापासून या डोंगरांत खुल्या होत गेलेल्या आणि आता एकंदर शंभर किलोमीटरांहून अधिक लांब झालेल्या सायकलवाटांमुळे. येथे नामांकित आंतरराष्ट्रीय शर्यती झाल्या, त्यांची चलच्चित्रे देशोदेशी पाहिली गेली. परंतु पाहणाराचे लक्ष खिळते ते उसळत, झुकत, झाडांच्या खोडांमधून वाट काढीत जाणाऱ्या स्वाराकडे, आणि ज्या अडीच-तीन फूट रुंदीच्या मातीच्या पट्ट्यावरून तो धावत असतो तो पट्टा मात्र अरण्यात आपोआपच उगवला असावा, असे गृहीत धरले जाते. वास्तविक या साऱ्या उद्योगातील खरी विद्या त्या पट्ट्यात आहे, आणि ती मुख्यतः पावसाच्या पाण्याला डोंगरावरून कसे उतरू द्यावे याची विद्या आहे. डर्बीत तर पाण्याचा हा संबंध फार जुना. कारण या गावाचा उत्कर्ष पाण्याच्या बळावर झाला, त्याचा घातही पाण्यानेच केला, आणि आज त्याचा चरितार्थ चालतो तो पाण्याचा बंदोबस्त नीट ठेवल्यामुळे.

१८७४ साली जॉर्ज रेनिसन बेल या शोधकाला या टापूत कथिलाचे खनिज सापडले. ज्या कथिलाची कल्हई आपल्या घरोघरच्या तांब्यापितळेच्या भांड्यांना लावली जात असे, तेच हे कथील. डर्बीच्या पूर्वेस ब्लू टियर नावाचे ग्रॅनाइटचे जे पठार आहे, तसल्या खडकांतून कथिलाचे खनिज युगानुयुगे झिजून सुटे झाले, ओढ्यानद्यांनी ते वाहून आणले आणि प्राचीन नदीपात्रांच्या तळाशी रेतीगोट्यांसह साचवले. पुढे काही ठिकाणी या पात्रांवर लाव्हाचा लोट पसरला, आणि आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाच्याच जातीचा बेसाल्ट त्यांच्या माथ्यावर थिजून बसला. क्रुश्का नावाच्या बंधूंनी कॅस्केड नदीच्या काठी जो ठाव काढला, त्याच्या आसपासच पुढे ब्रायसिस ही मोठी खाण उभी राहिली. १८७६ सालची मेलबर्न चषकाची शर्यत जिंकणाऱ्या घोडीचे नाव तिला देण्यात आले होते. खाणीची रीत अशी होती की, उंचावरून नळांतून आणलेल्या पाण्याचा प्रचंड दाबाचा फवारा डोंगराच्या अंगावर सोडावयाचा, माती, रेती, गोटे सर्व ढासळून एका लाकडी पन्हळीतून वाहू द्यावयाचे, आणि वाळूच्या अडीच पट जड असलेले कथिलाचे खनिज पन्हळीच्या तळाशी बसले की उरलेला गाळ नदीत लोटून द्यावयाचा. या पद्धतीने रिंगारूमा नदीत इतका गाळ गेला की तिचे पात्र मैलोगणती उथळ होऊन बसले. डोंगर असा अक्षरशः धुऊन काढण्याच्या कामी युरोपीय खाणवाल्यांबरोबर शेकडो चिनी मजूर आणि छोटे मक्तेदारही होते. जवळच्या वेल्डबरो या गावी त्यांची मोठी वस्ती होती, आणि त्यांच्या देवालयातील सामग्री आज लॉन्सेस्टनच्या संग्रहालयात जतन केलेली आहे. या सर्वांच्या आधी ही भूमी ज्या आदिवासींची होती, त्यांना वसाहतवाल्यांनी १८३० च्या आगेमागेच्या रक्तपातात तेथून उखडून काढले होते, आणि खाणींच्या वैभवाची कथा सांगताना हे विसरता येत नाही.

फवाऱ्यासाठी पाणी हवे, आणि तेही बारमाही व उंचावर हवे. म्हणून खाणवाल्यांनी दूरच्या ओढ्यांपासून डोंगरांच्या कुशीकुशीने कित्येक मैल लांबीचे पाट खणले. पाट खणणाराची सारी कसोटी उतारात असते. उतार थोडा अधिक झाला तर पाणी पाटाचा तळ खात जाते, थोडा कमी झाला तर गाळ साचून पाट तुंबतो. तेव्हा समपातळीच्या रेषेला जवळजवळ चिकटून, प्रत्येक घळीत आत शिरत आणि प्रत्येक सोंडेला वळसा घालीत त्याला पुढे न्यावे लागते. आपल्याकडे पाणलोटाच्या कामात समतल चर आखणाऱ्यांना ही दृष्टी चांगली परिचित आहे. ज्या डोंगरांत आज सायकलवाटा आहेत, त्यांत उताराचे एवढे सूक्ष्म वाचन करून आडवी रेघ ओढण्याचे काम या पाटांच्या निमित्ताने शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेले होते. पाटवाल्याला पाणी रेघेवर धरून ठेवावयाचे होते आणि वाट बांधणाराला ते रेघेवरून घालवावयाचे असते, एवढाच दोघांच्या प्रयोजनांत भेद. दोघांनाही डोंगराचा उतार मात्र सारख्याच निष्ठेने अभ्यासावा लागतो.

४ एप्रिल १९२९ रोजी, बेटाच्या उत्तर भागात अतिवृष्टी चालू असता, खाणीसाठी कॅस्केड नदीवर बांधलेले धरण फुटले. पाण्याचा लोंढा अरुंद दरीतून झाडे, शिळा आणि यंत्रसामग्री ओढीत खाणीवर आणि गावावर येऊन कोसळला, आणि चौदा माणसे मृत्युमुखी पडली. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा प्रलय ज्यांनी पाहिला किंवा घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकला, त्यांना त्या दिवसाचे अधिक वर्णन करून सांगावयास नको. खाण पुढे पुन्हा सुरू झाली खरी, पण पहिले वैभव परतले नाही, आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस तिचा मोठा कारभार आटोपला. त्यानंतरच्या काळात तरुण मंडळी शहरांकडे गेली, दुकाने एकेक करून बंद झाली, घरे कवडीमोलाने विकली जाऊ लागली. उखडलेल्या डोंगरांवर मात्र अरण्याने हळूहळू आपला हक्क पुन्हा प्रस्थापित केला.

अशा स्थितीत सायकलवाटांची कल्पना पुढे आली, आणि डॉर्सेट व ब्रेक ओ'डे या दोन स्थानिक नगरसंस्थांनी ती उचलून धरली. संघराज्य सरकारच्या प्रादेशिक विकासनिधीतून मिळालेले अनुदान धरून सुमारे तीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलर आरंभी खर्ची पडले, आणि बांधणीचे काम ग्लेन जेकब्स यांच्या वर्ल्ड ट्रेल या क्वीन्सलंडमधील संस्थेकडे सोपवण्यात आले. १९९६ साली केर्न्स येथे झालेल्या डोंगरी सायकलींच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या मार्गाशी जेकब्स यांचे नाव निगडित आहे.

डोंगरी सायकलींचा हा खेळ मुळात जन्मला कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस असलेल्या टॅमलपाइस डोंगराच्या परिसरात. १९७० नंतरच्या दशकात तेथील काही तरुण जुन्या, जाड टायरांच्या, वजनदार सायकली डोंगरावर नेऊन वणवा विझवणाऱ्यांसाठी केलेल्या कच्च्या रस्त्यांवरून खाली सोडीत असत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी घड्याळ लावून पहिली शर्यत घेतली. पेडल उलटे फिरवून लावावयाचा मागचा ब्रेक एका उतरणीत इतका तापे की आतले वंगण जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. त्यावरून शर्यतीला रीपॅक हे नाव पडले. याच मंडळींपैकी जो ब्रीझ याने लवकरच डोंगरासाठी खास सांगाडे तयार केले, गॅरी फिशर, चार्ली केली आणि टॉम रिची यांनी अशा सायकलींच्या विक्रीचा धंदा काढला, १९८१ मध्ये कारखान्यात मोठ्या संख्येने बनलेली सायकल बाजारात आली, आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले.

परंतु सायकल जितक्या वेगाने सुधारली तितक्या वेगाने वाट सुधारली नाही, आणि त्यातूनच मोठा कलह उद्भवला. पदयात्री आणि घोडेस्वार म्हणू लागले की या चाकांनी डोंगर उकरून काढले. अनेक अरण्यांतून सायकलींना मनाई झाली. त्या आक्षेपांना उत्तर देण्याच्या गरजेतून १९८८ साली अमेरिकेत आंतरराष्ट्रीय माउंटन बाइक संघ स्थापन झाला, आणि त्याच्या कार्यकर्त्यांनी वनखात्यांतील जाणत्या लोकांबरोबर राहून वाट झिजते कशी, याचा पद्धतशीर विचार आरंभला. पुढे झालेल्या पाहण्यांतून असे दिसले की, नीट आखलेल्या वाटेवर चालणाऱ्याच्या पावलांनी आणि सायकलीच्या चाकांनी होणाऱ्या झिजेत फारसे अंतर नसते, घोड्याच्या टापांनी मात्र माती अधिक सुटी होते. आणि वाट चुकीच्या जागी असेल तर तिच्यावर कोणीही न जाता ती केवळ पावसानेच नष्ट होते. या शेवटच्या निरीक्षणाला मी फार महत्त्व देतो, कारण त्याने वादाचे स्थानच बदलून टाकले. दोष चाकाचा की पावलाचा हा प्रश्न मागे पडला आणि आखणीचा प्रश्न पुढे आला.

आखणीचा पहिला नियम असा की, वाट डोंगराच्या तोंडावरून सरळ खाली जाता कामा नये. पाणी ज्या दिशेने स्वभावतः धावते त्याच दिशेने वाट गेली, तर वाटेचा ओढा होतो. पहिल्या पावसाळ्यात ओघळ पडतो, दुसऱ्यात त्याची घळ होते, आणि मग लोक चिखल टाळून बाजूने चालू लागतात व वाट रुंदावत जाते. यासाठी वाट डोंगराच्या कुशीवरून आडवी न्यावी लागते, आणि ती आडवी कितपत असावी याचेही प्रमाण ठरलेले आहे: ज्या कुशीवरून वाट जाते तिच्या उताराच्या निम्म्याहून वाटेचा उतार अधिक नसावा. कुशीचा उतार शंभर मीटरांत वीस मीटर असेल, तर वाटेचा उतार शंभरात दहाच्या आत राहिला पाहिजे. हे प्रमाण पाळले की वरून येणारे पाणी वाट ओलांडून खाली निघून जाते. मोडले की ते वाटेतच वळते आणि तिच्या लांबीने धावू लागते. याखेरीज संपूर्ण वाटेचा सरासरी उतार शंभरात दहाच्या आसपास ठेवावा, असाही संकेत आहे. सपाट जागा सोपी वाटते, पण अनुभवी आखणीकार तिला सर्वांत जास्त भितो, कारण तेथे पाण्याला जावयास जागाच नसते.

रेघ ठरली, रंगीत फितींनी तिच्या खुणा झाडाझुडपांना बांधल्या, की खोदाई सुरू होते. पूर्वी हे काम कुदळ, पहार, फावडे आणि दाताळे एवढ्यांवरच चाले. आता दोनएक टन वजनाचे लहान खोदयंत्र पुढे जाते आणि त्याच्यामागून हाती अवजारे घेतलेली माणसे अखेरचा हात फिरवतात. वाटेची संपूर्ण रुंदी डोंगराच्या अंगातच कोरून काढावी लागते. अर्धी वाट खोदलेली आणि अर्धी त्याच मातीच्या भरावावर टेकलेली, अशी काटकसर केली तर भराव कालांतराने खचतो आणि वाट दरीकडे लवंडते. म्हणून निघालेली माती खालच्या उतारावर पांगून टाकतात. कोरलेल्या वाटेला दरीच्या बाजूस शंभरात पाच इतका हलका झुकाव देतात, ज्यायोगे पाणी एका ठिकाणी न साचता पातळ थराने बाहेर वाहून जावे. परंतु चाकांच्या येण्याजाण्याने वाटेचा मधला भाग दबतो, कडेला मातीची धार उभी राहते, आणि झुकाव असूनही पाणी आत अडकते. यावर उपाय म्हणून ठराविक अंतरावर वाट मुद्दाम थोडी खाली उतरवून पुन्हा वर चढवतात. त्या खोलगट जागी पाण्याला बाहेर पडण्यावाचून गत्यंतरच नसते. आश्चर्य असे की, स्वाराला जो उसळता लयबद्ध आनंद मिळतो तो याच चढउतारांनी मिळतो. पाणी काढून देण्याची युक्ती आणि खेळातील रंगत या ठिकाणी एकरूप झालेल्या आहेत, आणि या शास्त्रातील सर्वांत सुंदर गोष्ट मला हीच वाटते.

वळणांचा प्रश्न निराळा. डोंगरउतारावर वाट उलटी फिरवावयाची म्हणजे तेवढ्या जागेपुरते तिला पाण्याच्याच दिशेने जाणे भाग पडते. तेथे बाहेरच्या अंगाला माती दाबून, दगड रचून तिरका बांध उभारतात, त्याला स्वार मंडळी बर्म म्हणतात. त्यावर चाक टेकले की वेग न गमावता वळता येते. पण त्या बांधाने पाणीही कोंडले जाते, म्हणून वळणाच्या आधी आणि नंतर त्याला बाहेर काढून द्यावे लागते. शिवाय स्वार वळणाच्या अलीकडे ब्रेक दाबतात, मागचे चाक घसरते, माती उकरली जाते आणि हळूहळू तेथे खळग्यांची रांग पडते. कुशल बांधणारा सूचनेची पाटी लावून स्वस्थ बसत नाही. तो वळणाच्या तोंडाशी छोटासा चढ ठेवतो, म्हणजे वेग आपोआपच मंदावतो आणि ब्रेकला हात घालण्याची गरज उरत नाही. जेथे उतार कमी करणे शक्यच नसते किंवा जमीन सदैव ओली असते, तेथे मोठे दगड उभे गाडून फरसबंदी करतात. नाणेघाटाच्या किंवा कोकणात उतरणाऱ्या एखाद्या जुन्या घाटवाटेच्या पायऱ्यांवरून जो उतरला आहे, त्याला हे तत्त्व नवे वाटणार नाही. तांड्यांच्या बैलांना आणि सह्याद्रीच्या पावसाला तोंड देणाऱ्या त्या वाटांनाही दगडाचाच आधार घ्यावा लागला. डर्बीत मात्र ग्रॅनाइटच्या अजस्र शिळा जागोजागी उघड्या आहेत, आणि बांधणाऱ्यांनी त्यांना वळसा न घालता पुष्कळ वाटा त्यांच्या पाठींवरूनच नेल्या आहेत.

अरण्याचे स्वतःचे नियम याहून कडक आहेत. येथील ओल्या दऱ्यांत मर्टल नावाचे जे सदाहरित वृक्ष आहेत त्यांचे गोत्र फार प्राचीन. एकेकाळी दख्खनचा पाया आणि ही भूमी ज्या दक्षिणेकडील महाखंडाचे भाग होते, त्याच्या काळापर्यंत ते मागे जाते. त्यांच्या सावलीत पुरुषभर उंचीची वृक्षनेची वाढतात आणि खोडे शेवाळाने मढलेली असतात. मर्टलला एक बुरशीजन्य मर रोग होतो, आणि ती बुरशी खोडाच्या किंवा मुळाच्या जखमेतून आत शिरते. तेव्हा वाट खोदताना एका मुळावर कुदळ बसली तरी काही शतकांचे झाड दगावण्याचा संभव असतो. त्यासाठी अशा ठिकाणी वाट झाडापासून दूर वळवतात, किंवा मुळे न तोडता त्यांच्यावर भर घालतात. दुसरा एक सूक्ष्म मूळकुजव्या जीव ओल्या मातीबरोबर चाकांना आणि बुटांना चिकटून एका रानातून दुसऱ्या रानात पोहोचतो. म्हणून टास्मानियात रानात शिरण्यापूर्वी सायकल धुऊन येण्याचा आग्रह धरला जातो, आणि तो आग्रह मला सर्वथा योग्य वाटतो.

अशा रीतीने सिद्ध झालेल्या वाटा सोपेपणाप्रमाणे हिरव्या, निळ्या आणि काळ्या खुणांनी दाखवलेल्या आहेत. ही प्रथा बर्फावरील घसरणीच्या खेळातून आलेली. अनेक वाटांची नावे गावाच्या इतिहासातूनच घेतली आहेत. 'क्रुश्काज' त्या बंधूंची आठवण ठेवते, 'डॅम बस्टर्स' हे नाव फुटलेल्या धरणाची, आणि प्रचंड शिळांच्या फटींतून जाणाऱ्या 'डेटोनेट' या कठीण वाटेचे नाव सुरुंगाच्या भाषेतले आहे. खाणीचे पाणी व गाळ वाहून नेण्यासाठी खडकातून काढलेला जुना बोगदाही शिल्लक असून त्याच्या छताला काजव्यासारखे मंद उजेड देणारे कीटक लटकलेले असतात. ब्लू टियरची वाट पोइमेना या आता नामशेष झालेल्या खाणगावाच्या उघड्या माळावरून निघते आणि मर्टलच्या अरण्यातून उतरत वीसेक किलोमीटरांनी वेल्डबरोच्या जुन्या खानावळीपाशी पोहोचते.

गावाचा कायापालट लवकर झाला. २०१७ मध्ये एन्ड्युरो जागतिक मालिकेतील शर्यत येथे भरली आणि तेव्हापासून स्वारांचा ओघ वाढतच गेला. ओस पडलेल्या घरांतून पाहुणे उतरू लागले, सायकल-दुरुस्तीची दुकाने निघाली, स्वार आणि सायकली माथ्यावर पोहोचवणाऱ्या गाड्या धावू लागल्या. त्याचबरोबर घरांच्या किमती अशा चढल्या की तेथेच काम करणाऱ्या तरुणाला गावात राहावयास जागा मिळणे कठीण झाले. लोकांना रोजगार देणारा उद्योगच त्यांना बेघर करू लागला, तर त्याचा विचार गावाच्या कारभाऱ्यांनी घरे विकली जाण्यापूर्वी करावयास हवा.

दुसरा वाद झाडतोडीचा आहे. वाटांभोवतालच्या सरकारी अरण्याचा काही भाग लाकडासाठी राखलेला असून तेथील तोड वाटांच्या अगदी जवळ आल्यावर विरोध सुरू झाला आणि प्रकरण न्यायालयापर्यंतही गेले. वाटेच्या दोन्ही अंगांस झाडांचा एक पट्टा राखला म्हणजे झाले, असे तोडीचे समर्थक म्हणतात. डोळ्यांपुरते ते खरे असेल. परंतु वर सांगितलेले सारे नियम, निम्म्या उताराचे प्रमाण, बाहेरचा झुकाव, पाणी काढून देणाऱ्या खोलगट जागा, हे सर्व असे धरून चालतात की वरच्या उतारावर झाडे आहेत, त्यांच्याखाली पालापाचोळ्याचा जाड थर आहे आणि पडणाऱ्या पावसाचा मोठा हिस्सा तोच पिऊन टाकतो. वरचे रान काढले की तेच पाणी कितीतरी अधिक वेगाने आणि गाळासह वाटेवर येते, आणि उत्तमांतली उत्तम आखणीही त्याच्यापुढे टिकत नाही. पन्हळीतून डोंगर धुऊन काढणाऱ्या पूर्वजांच्या गावाला हे तरी पटावयास अडचण पडू नये.

डर्बीचे यश पाहून बेटावरील इतर गावांनीही तोच मार्ग धरला. दक्षिणेकडील मेडेना या जुन्या लाकूडतोडीच्या गावी २०१८ साली सायकल-उद्यान सुरू झाले, आणि २०१९ मध्ये सेंट हेलेन्स येथील वाटा खुल्या झाल्या. त्यांतील बेचाळीस किलोमीटरांची एक वाट ब्लू टियरच्या पठारावरून निघून थेट पूर्वेच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत उतरते. बांधणीसाठी अनुदान मिळवणे त्यामानाने सोपे असते, कारण उद्घाटनाचा समारंभ सर्वांनाच प्रिय असतो. डागडुजीचा पैसा मात्र मिळत नाही. डर्बीच्या वाटांवर प्रवेशशुल्क नाही, आणि पावसाची एक मोठी झड येऊन गेली की पडलेली झाडे कापणे, तुंबलेल्या मोऱ्या उपसणे, खचलेल्या कडा पुन्हा कोरणे आणि वळणांचे बांध नव्याने दाबणे ही कामे उरकल्याशिवाय वाट उघडता येत नाही. हे काम करणाऱ्या पगारी टोळ्यांचा खर्च नगरसंस्थेची तिजोरी आणि स्वारांनी स्वखुशीने दिलेली वर्गणी यांवर भागवावा लागतो. ज्या नव्या गावांनी अशा वाटा मागितल्या आहेत त्यांनी पहिल्या किलोमीटरची मंजुरी घेण्यापूर्वीच ही रक्कम आपल्या वार्षिक अंदाजपत्रकात कोणत्या सदराखाली धरावयाची, हे ठरवून ठेवावे.